नाणेघाटाचं संग्रहालय: घाटवाटेला चार भिंती हव्यात का?

घाटवाट्या

गेल्या श्रावणात एका रविवारी नाणेघाटात गेलो होतो. माथ्यावर गाड्यांची ही रांग, सगळे उलटा धबधबा बघायला आलेले. वाटेकडेच्या त्या मोठ्या दगडी रांजणापाशी एक गृहस्थ मुलाला सांगत होते, "हा पाण्याचा हौद." मुलगा हो म्हणाला आणि दोघं भजी खायला गेले. त्या गर्दीतले किती जण नळीतून, म्हणजे घाटाच्या अरुंद खिंडीतून, उतरून लेण्यापर्यंत गेले असतील? मी तासभर तिथं बसलो होतो, चार जण आले. त्यातले दोघे पावसापासून आडोसा शोधत होते.

चीड आली म्हणून लिहीत नाही. त्या गृहस्थांना कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कसं? कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणपर्यंत जायचा. रांजण जकातीच्या नाण्यांचा, असं परंपरा सांगते. लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आहे, इसवी सनाआधीच्या पहिल्या शतकातला. तिनं आणि राजानं केलेले यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं (तेव्हाची नाणी) यांची ती यादी आहे, आकड्यांसकट. भारतातले इतके जुने आकडे फार कमी ठिकाणी सापडतात. दोन लिहायला नुसत्या दोन आडव्या रेघा. शून्य नाही, त्यामुळे दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं.

तर प्रस्ताव असा. माथ्यावरच्या घाटघरमध्ये किंवा पायथ्याच्या वैशाखऱ्यात ग्रामपंचायतीची एखादी खोली घेऊन गावकऱ्यांनीच चालवायचं छोटं संग्रहालय करावं. लेखाची प्रतिकृती, त्याचं देवनागरीत वाचन आणि सोप्या मराठीत अर्थ. शिवाय घरोघरी माळ्यावर पडलेल्या वस्तू: कावड, चुंबळ, इरलं, बैलाच्या पाठीवरची गोण, पायली, अधोली. अजून दहा वर्षांनी यातलं काही उरणार नाही. तुमचं मत सांगा.

भटकभवानी

+१. कबुली देते, कॉलेजात असताना त्याच लेण्यात मुक्काम केलाय. तीन बाजूंना दगडी ओटे आहेत, झोपायला मस्त. स्टोव्ह पेटवून मॅगी केली होती. ज्या भिंतीला पाठ टेकली होती तिच्यावर काय कोरलंय ते पाच वर्षांनी एका व्याख्यानात कळलं. आदल्या दिवशी तशी खोली बघितली असती तर स्टोव्ह बाहेर लावला असता, एवढं नक्की.

शिळाप्रेमी

कळकळ समजली, पण विरोध नोंदवतो.

लेख जिथं आहे तिथं त्याला अर्थ आहे. कोकणातून चढून आलेला माणूस दमून ज्या ओट्यावर बसायचा, त्याच्या दोन्ही हातांच्या भिंतींवर राज्याची जाहिरात कोरलेली. यज्ञ किती केले, दान किती दिलं, हे घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर जावं अशी ती जागा निवडलीय. तो लेख फायबरमध्ये उतरवून ट्यूबलाइटखाली टांगलात की माणूस म्हणणार, बघितलं. मग नळीत उतरतोय कशाला?

मागची भिंत बघितलीय का नीट? राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या तिथं. वर नावं अजून वाचता येतात: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे हीच नागनिका), सातकर्णी, एक महारठी, काही कुमार. मूर्ती गेल्या, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ हललो नाही. हा अनुभव कुठल्या खोलीत मांडणार?

आणि आपल्याकडे 'गावाचं संग्रहालय' म्हटलं की शेवट कुठं होतो ते माहीत आहे. सिमेंटचा शेतकरी, सिमेंटचा बैल, सिमेंटची बाई सिमेंटचं जातं ओढतेय. वर ऑइलपेंट.

हिशेबनीस

मी भावनेत शिरत नाही. एका गावात असंच संग्रहालय बघायला गेलो होतो, नाव सांगत नाही. दाराला कुलूप. चावी कुणाकडे? अमक्यांकडे. अमके लग्नाला गेलेले. शेजारच्या खिडकीतून आत डोकावलो तर उद्घाटनाची कोनशिला दिसली, बाकी अंधार. कोनशिलेवर सोळा नावं होती, मी मोजली.

इमारतीला पैसे मिळतात हो. आमदार निधी आहे, कंपन्यांचा सामाजिक निधी आहे. पण रोज सकाळी दार उघडून झाडू मारणाऱ्या माणसाचा पगार कुठल्याच योजनेत बसत नाही. त्यात तुमचा घाटमाथा! जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटलेलं असतं. घोंगडीला कसर, लाकडाला वाळवी, कागदाला बुरशी. दोन पावसाळ्यांत तुमची कावड मोडीत जाईल. आधी तिसऱ्या वर्षाचा हिशेब मांडा, मग पहिल्या वर्षाबद्दल बोलू.

मुरबाडकर

एक साधी शंका. 'घाटघरमध्ये किंवा वैशाखऱ्यात' असं लिहिलंय खरं, पण शेवटी ते घाटघरमध्येच होणार, कारण गाड्या तिथं पोचतात. आमच्या बाजूनं वाट चढते महाराज! कल्याण-नगर रस्त्यावर उतरायचं, जंगलातून चालत सुटायचं, नानाचा अंगठा हा कडा डोक्यावर ठेवून घाम गाळत वर यायचं, याला नाणेघाट म्हणतात. वरून येऊन रेलिंगला टेकणं म्हणजे घाट बघणं नव्हे. जिल्हा ठाणे आहे म्हणून आम्ही कायम दुय्यम.

घाटवाट्या

@मुरबाडकर, मुद्दा शंभर टक्के मान्य. दोन टोकांना दोन खोल्या करता येतील. खालच्या खोलीत निम्मी गोष्ट, उरलेली वर.

@शिळाप्रेमी, तुम्हाला ब्राह्मी, म्हणजे त्या लेखाची लिपी, येते. ज्याला येत नाही त्याला ती भिंत म्हणजे नुसते ओरखडे. १८८३ मध्ये ब्यूलर या युरोपीय पंडितानं छापलेलं वाचन पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत आहे, त्याआधी भगवानलाल इंद्रजींनी आकडे ओळखले तेही अभ्यासकांना ठाऊक आहे. घाटघरच्या पोराला हे कुठं वाचायला मिळतं, ते सांगा.

कायदेकानू

दोन धोके वेळीच सांगतो.

पहिला म्हणजे वस्तू. चुंबळ आणि इरल्याला कुणी विचारणार नाही. पण संग्रहालय निघालं की लोक शेतात सापडलेली जुनी नाणी, मूर्ती घेऊन येतात. जमिनीत सापडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कायदा १८७८ चा आहे, रक्कम तेव्हाची, आणि तो अजून लागू आहे. शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. हौशी समितीनं सातवाहन नाणी काचेत लावली, तर कौतुकाऐवजी नोटीस यायची. पहिल्या दिवशीच ठरवा: पुरावस्तू घेणार नाही, आणणाऱ्याला रीतसर वाट दाखवू.

दुसरा जागेचा. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम प्रतिबंधित असतं आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीशिवाय करता येत नाही. वनजमिनीचे नियम आणखी वेगळे. वनहक्क कायद्यात एक हेक्टरच्या आतली जमीन गावाच्या सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळू शकते. त्या यादीत शाळा, दवाखाना, अंगणवाडी, समाजमंदिर आहे, संग्रहालय नाही. म्हणून असलेली खोली वापरायची कल्पना शहाणपणाची आहे.

रानहिरडा

मी वरच्या अंगाचा. महादेव कोळी. सध्या चाकणला कामाला असतो. सगळं वाचलं, आता थोडं माझंही ऐका.

तुम्ही सगळे दोन हजार वर्षांपूर्वीचं बोलताय. माझी आजी या घाटानं खाली जायची. पौषात म्हशाच्या जत्रेला जायची, एरवी मीठ आणि सुकट आणायला. जाताना डोक्यावर हिरडा, येताना मीठ. तिला सातवाहन माहीत नाहीत. तिला कुठल्या पायरीवर पाय घसरतो ते माहीत आहे, पाणी कुठल्या टाक्याचं गोड आणि कुठल्याचं फक्त बैलांसाठी ते माहीत आहे. तिच्या तोंडात 'नाणेघाट' हा शब्दच नाही, ती नुसतं "घाट" म्हणते. माळशेजनं एसटी धावायला लागली आणि तिचं जाणं थांबलं. मग तुम्ही ट्रेकवाले आलात आणि घाट ऐतिहासिक झाला.

घाटवाट्या दादा, राग मानू नका. तुमच्या यादीतलं इरलं आमच्या पडवीत अजून आहे. ते काचेत जाणार, आणि मी काचेबाहेर तिकीट फाडायला बसणार, असंच ना? समितीचा अध्यक्ष कोण? पाटीवर कुणाचं नाव? पावसाळ्यात पार्किंगचे पैसे कुणाच्या खिशात जातात याचं उत्तर आधी शोधा. रांजणात नाणी पडत होती तेव्हाही आमचे लोक ओझीच वाहत असणार.

आमच्या भागाला पेसा, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, लागू आहे. ग्रामसभेत विषय न मांडता काहीही ठरवलंत तर मी स्वतः विरोध करीन. मांडलात तर कदाचित पहिला हात माझा वर होईल, ते अजून ठरवलेलं नाही.

भटकभवानी

हे वाचून मॅगीची जास्तच लाज वाटली.

शिळाप्रेमी

रानहिरडा, तुमच्या आजीला कुठली पायरी घसरते ते माहीत आहे, हे वाक्य मी तीनदा वाचलं. माझा विरोध खोलीला होता आणि आहे. पण हे जे तुम्ही सांगताय ते कुठल्याही भिंतीवर कोरलेलं नाही, आणि मी कितीही ब्राह्मी शिकलो तरी मला ते वाचता येणार नाही. याचं काय करायचं यावर मी विचारच केला नव्हता.

पोढी

मधला मार्ग असतो. फ्रान्समध्ये १९७१ पासून इकोम्युझियम नावाची कल्पना आहे. इमारतीऐवजी अख्खा परिसरच संग्रहालय मानायचा, वस्तू ज्याच्या त्याच्या घरात राहतात, आणि दाखवणारा तिथलाच माणूस. इथं तसं करायचं तर वाट हेच दालन. खालून माणसं चढवायची, सोबत गावातला वाटाड्या, त्याला दिवसाची ठरलेली मजुरी. टाक्यापाशी टाक्याची गोष्ट, लेण्यात लेखाची, आणि शेवटी कुणाच्या तरी पडवीत ते इरलं बघत पिठलं-भाकरी.

हिशेबनीस

हे परवडतं. छप्पर नाही म्हणजे गळती नाही. पण वाटेची डागडुजी याच मजुरीतून व्हायला हवी. पावसानं दगड निसटतात, मग लोक पायऱ्या सोडून कडेनं उतरतात आणि कड ढासळते. लेखाची प्रतिकृती नंतर, आधी वर्षातून एकदा त्या निसटलेल्या पायऱ्या जागेवर बसवा. पाट्या मात्र नकोत, सहा महिन्यांत त्यावर बदाम आणि बाण येतात.

मुरबाडकर

खालून चढवायची म्हणालात ना? आता कसं बोललात!

घाटवाट्या

सुरुवातीला खोली डोळ्यांपुढे होती, ती अजून पूर्ण सुटत नाहीये. पावसात लहान मुलांना, म्हाताऱ्यांना नळीत उतरवता येत नाही, त्यांच्यासाठी काहीतरी लागेलच. पण क्रम चुकला होता हे मान्य. रानहिरडा, ग्रामसभेच्या आधी एकदा तुमच्या आजींना भेटता येईल का? चालत असेल तर आवाज रेकॉर्ड करू, त्यांना नको असेल तर नुसतं ऐकू.

रानहिरडा

आहे अजून, ठणठणीत आहे. कान गेलेत, जोरात बोलावं लागतं. हिरड्याच्या दिवसांत येऊ नका, तेव्हा घरात कुणी सापडत नाही. आणि गाडीनं वर येऊ नका. वैशाखऱ्यावरून चढा, येताना पाठीवर दहा किलो मीठ आणा. ते बघितल्याशिवाय ती बोलायची नाही.

घाटवाट्या

बारीक चालेल की खडे?

रानहिरडा

खडे. बारीक ओलं होतं वाटेत.