योग्यकर्तातील १६ ऑगस्टचे गल्लीतले जेवण: सोबत काय न्यावे?

प्रश्न: नोकरीनिमित्त आम्ही नुकतेच जावा बेटावरील योग्यकर्ता या शहरात राहायला आलो असून, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री गल्लीत होणाऱ्या सामुदायिक जेवणाचे आमंत्रण शेजाऱ्यांनी दिले आहे. आम्ही शाकाहारी आहोत. तेथे काय असते आणि आम्ही काय न्यावे?

उत्तर १: या रात्रीला जावामध्ये ‘तिराकातान’ म्हणतात. १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हत्ता या स्वातंत्र्यलढ्याच्या नेत्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. दरवर्षी त्या दिवसाच्या आदल्या रात्री शेजारी चटयांवर एकत्र बसतात, राष्ट्रगीत गातात, हुतात्म्यांसाठी स्तब्ध उभे राहतात, प्रार्थना करतात आणि मगच जेवतात. ‘तिराकात’ म्हणजे उपास, जागरण असे व्रत. त्यामुळे मला ही रात्र उत्सवाइतकीच स्मरणाचीही वाटते. मधोमध ‘तुम्पेंग’ असतो, म्हणजे हळद आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताचा उंच शंकू, आणि त्याचे टोक कापून बहुधा ज्येष्ठ व्यक्तीला मानाने देतात.

उत्तर २: शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, कारण भाताभोवती तळलेले तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट थापा) आणि खोबरे घातलेल्या उकडलेल्या भाज्याही मांडतात, मात्र तिखटाच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असू शकते, तेवढे आधी विचारून घ्यावे. नारळाच्या वड्या न्याव्यात, कारण ती चव तेथे ओळखीची आहे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. वड्याच करू, आणि चटया अंथरायलाही लवकर जाऊ.