मिंकच्या कोटाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका कथेचा अनुवाद करतेय. त्यातली बाई मिंकचा कोट घालून मेजवानीला येते. आधी 'मुंगसाच्या कातडीचा कोट' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. मैत्रीण म्हणते 'ऊदमांजर' लिही. की सरळ 'लोकरी कोट' करून मोकळी होऊ?

प्रतिसाद : ऊदमांजर नको, ते सिव्हेट. मुंगसाचं कूळही निराळं. आपल्या ओळखीच्यांपैकी मिंकचं खरं भाऊबंद म्हणजे पाणमांजर. तसंच लांबट अंग, आखूड पाय, बोटांमध्ये थोडासा पडदा. नदीकाठी राहून मासे, बेडूक, उंदीर मारणारं. फक्त आकाराने बरंच लहान.

प्रतिसाद : 'लोकरी'ला माझा सक्त विरोध! लोकर कातरतात, मेंढी चरायला परत जाते. मिंकची फर कातडीसकट निघते. शिवाय 'कातडीचा' हे एकवचनही फसवं आहे. शेपूट सोडली तर मिंक जेमतेम हातभर. लांब कोटाला डझनावारी जनावरं लागतात, म्हणून लिहायचंच तर 'कातड्यांचा' लिहा.

प्रश्नकर्ती : अरे बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग 'मिंक' म्हणजे प्राणी की फर?

प्रतिसाद : दोन्ही. गंमत म्हणजे इंग्रजीत हा शब्द स्कँडिनेव्हियाकडून आला तो आधी फरसाठी. प्राण्याला तो नंतर चिकटला. पुढे त्या नावाखाली दोन प्राणी आले, युरोपियन आणि अमेरिकन. युरोपियन मिंकच्या दोन्ही ओठांवर पांढरं असतं, अमेरिकनच्या बहुधा खालच्याच. फरसाठी पाळतात ते अमेरिकन. त्यातले निसटलेले युरोपातल्या नद्यांवर पसरले आणि आधीच घटत चाललेल्या तिथल्या मिंकला आणखी भारी पडले. २०२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कने कोरोनामुळे पाळीव मिंक सरसकट मारायचा हुकूम काढला, तेव्हाची संख्या दीड कोटीच्या आसपास होती.

प्रतिसाद : आणि 'मिंक ब्लँकेट'? माझ्याकडच्याच्या लेबलावर स्वच्छ '१००% पॉलिएस्टर' छापलंय.

प्रतिसाद : तिथे मिंक म्हणजे नुसता मऊपणा. बोटांनी केस बाजूला सारून बघा, तळाशी विणलेलं कापड दिसेल. खऱ्या फरमध्ये तळाशी कातडी दिसते, आणि केसांचे दोन थर : वर लांब, चकचकीत राठ केस, खाली दाट मऊ लव. पाण्यात शिरलं तरी ही लव सहसा भिजत नाही.

प्रश्नकर्ती : मग 'मिंक फरचा कोट' ठरलं. पहिल्यांदा 'फर' जोडते, पुढे नुसतं 'मिंक'. तळटीप देणार नाही, कथेतली बाई कोट खुर्चीवर भिरकावते तिथे वाचकाला काय ते कळेल. आता एकच अडलंय : तो मिंक की ते मिंक?

प्रतिसाद : मुंगूस ते, पाणमांजर ते. मी 'ते' म्हणेन. कोट मात्र तो.