घरी काय आलं? युद्धात गेलेल्या आपल्या माणसांच्या आठवणी

गावच्या कमानीवर ज्यांचं नाव नाही, ज्यांना कुठलं चक्र मिळालं नाही, अशा शिपाई-नाईक-हवालदारांच्या घरांबद्दल लिहूया. लढाया पुस्तकांत सापडतात. मला हवंय ते हे: बातमी कशी पोचली, मागाहून घरी काय आलं, आणि घर कसं चाललं. कारगिलच्या आधी पार्थिव गावी आणायची पद्धत जवळजवळ नव्हतीच, आघाडीच्या मागेच अग्नी द्यायचे. त्यामुळे जुन्या घरांचे अनुभव वेगळे असणार. नावं टाळा, पलटण आणि तालुका चालेल.

चंदगडकर
थोरले चुलते, १ मराठा, डिसेंबर १९७१, जमालपूर (आता बांगलादेश). तार तलाठ्यानं वाचून दाखवली. आज्जीला ती पटलीच नाही. शिमग्याच्या सुमाराला बेळगाव स्टेशनावर त्यांची काळी ट्रंक आली, बाबा बैलगाडी घेऊन गेले. आत दाढीचं सामान, पितळी पेला, आत्यानं पाठवलेली राखी आणि अर्धवट लिहिलेलं आंतर्देशीय. त्यात सगळी चौकशी म्हशीची, गाभण राहिली का ते कळवा म्हणून. ट्रंक बघून आज्जी उलट खूश! ट्रंक कायम त्यांच्यासोबतच यायची ना, म्हणजे हा मागनं येतोय. तिनं काकूला बांगड्या फोडू दिल्या नाहीत, भटजींना दारातून परत लावलं. पुढे त्यांच्याच कंपनीतला एकजण सुट्टीवर आला. चितेला लाकडं त्यानं रचली होती. तो ओसरीवर बसून आज्जीशी बराच वेळ बोलला, काय बोलला ते कुणाला सांगितलं नाही. मग दर्भाचा पुतळा करून विधी झाले. ट्रंक अजून आहे, सातबारे आणि रेशनकार्ड तिच्यातच असतात.

तारवाल्याची लेक
वडील तेव्हा तालुक्याच्या तार ऑफिसात होते. सैन्याची तार असली की ते थेट घरी जात नसत, आधी पोलीस पाटलाला गाठायचे. खाकीतला सायकलवाला वस्तीकडे वळला की बायका चूल सोडून दारात यायच्या. म्हणून साधी मनिऑर्डर असली तरी ते बांधावरूनच ओरडायचे, "पैसं हायती, पैसं!" २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा पेपरात हळहळीचे लेख येत होते. बाबा म्हणाले, बरं झालं.

खटावची नात
आमच्या घरात हे कधी उघड बोललं गेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आजीचा पहिला नवरा १९६५ ला गेला. ती विशीच्या आतली, पदरात मूल नाही. माहेरचे न्यायला आले होते, दुसरं स्थळही तयार होतं. पण तेव्हा पेन्शनचा नियम असा होता की विधवेनं दुसरं लग्न केलं तर पेन्शन बंद. मात्र नवऱ्याच्या भावाशीच केलं आणि सासरच्यांना सांभाळलं, तर चालू. आमच्या भावकीत दिराशी पाट लावायची चाल नव्हती. धाकटा दीर म्हणजे लेकरासारखा, तिनंच त्याला जेवू घातलेलं. पण वर दुष्काळी गाव, घरात सासू-सासरे आणि लग्नाच्या दोन नणंदा. चाल गुंडाळून ठेवली गेली. दिल्लीतल्या कुणीतरी लिहिलेल्या एका ओळीनं माझे आजोबा ठरवले!

ते दोघं वाईट नांदले असं नाही. पण आजोबा तिला शेवटपर्यंत चुकून 'वैनी' हाक मारायचे. पहिल्याचा फोटो देवघरात, त्याला हार आजोबाच घालायचे. शौर्यपदकाच्या भत्त्यालाही अशीच दिराची अट होती, ती थेट २०१७ च्या नोव्हेंबरात काढली. वीरपत्नी म्हणून शाल-नारळ द्यायला दर वर्षी बोलावतात त्यांना हे ठाऊक असतं का, कोण जाणे.

दादाची बहीण
कारगिल. पेटी आली, पण खिळे ठोकलेली. "उघडू नका" एवढंच सांगितलं. आई आजही विचारते, आत तोच होता कशावरून? पंचक्रोशी लोटली होती, मंत्री, कॅमेरे, सगळं. नंतर मदतीचे पैसे आले आणि आई-वहिनीत कोर्ट लागलं. दोघींचंही बरोबर होतं असं मला वाटतं. जास्त लिहवत नाही.

अपशिंग्याचा शेजारी
सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले, त्यांचं स्मारक इंग्रजांनी उभारलं. आमचं गाव पलीकडचं, आमच्या पणजोबांना गावात स्मारक नाही. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, मेसोपोटेमिया (आताचं इराक), कूत शहराचा वेढा. अन्न संपल्यावर घोडे कापायला लागले आणि आपली माणसं ते खाईनात, ही गोष्ट घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली, पणजोबा त्याआधीच गेले होते. तिथे गेलेल्यांसाठीचं बसऱ्याचं स्मारक आता बसऱ्याहून नासिरियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळवंटात आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आपल्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. नावं रजिस्टरात राहिली. पणजोबा मला तिथेच भेटले, इंग्रजी स्पेलिंगमध्ये गावाचं पार वाटोळं झालेलं.

माणदेशी
@अपशिंग्याचा शेजारी, ते रजिस्टर कुठे बघायचं? आमच्याकडे फक्त 'बसऱ्याला गेला' एवढंच माहीत आहे. दुसऱ्या युद्धातले एक चुलत पणजोबाही आहेत, इटलीतले.

अपशिंग्याचा शेजारी
कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर दोन्ही महायुद्धांतले सापडतात. आडनावानं शोधू नका, बहुतेकदा पहिलं नाव आणि बापाचं नावच असतं. तालुक्याचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी घालून बघा. इटलीत दहन झालेल्यांपैकी अनेकांसाठी सांग्रो नदीकाठच्या दफनभूमीत वेगळं स्मारक आहे, तिथे नावं कोरलेली आहेत. घरात जुनं पदक असेल तर त्याची कड भिंगातून पाहा, नंबर आणि पलटण तिथे ठोकलेली असते.

माणदेशी
पदक आत्यानं मोडीत घातलं. स्पेलिंगं घालून बघतो.