मदत हवी: ड्रममधल्या अॅक्रोस्टिकम नेच्याचे नवे कोंब काळे पडताहेत

खारफुटीच्या कडेला वाढणारा मोठा नेचा, अॅक्रोस्टिकम ऑरियम. जागा अलिबाग, गच्ची, दिवसभर ऊन. 200 लिटरचा निळा ड्रम आडवा अर्धा कापलाय, बुडाला भोक नाही. निम्मी लाल माती, निम्मं शेणखत. पाणी गड्ड्याच्या वर चार बोटं. बोअरचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) 1200, रोज चार लिटरची भर. खाडीतलं झाड म्हणून आठवड्याला मूठभर जाडं मीठ. पानं पाच फुटी आहेत, पण फेब्रुवारीपासून सगळ्यांच्या कडा करपताहेत आणि नवे कोंब उलगडण्याआधीच काळे, मऊ पडतात. दोन पानांच्या शेंड्याकडे खालून तांबेराही आलाय. बुरशीनाशक कोणतं मारू?

खाजण:
बुरशीनाशक नको, तो तांबेरा नाही. शेंड्याकडच्या पर्णिकांची (मोठ्या पानातल्या छोट्या पानांची) खालची बाजू विटकरी-तपकिरी मखमलीसारखी पूर्ण भरलेली असेल, तर ते बीजाणू आहेत, म्हणजे नेच्याची बियांसारखी भुकटी. या जातीत ते फक्त वरच्या काही पर्णिकांवर येतात. तांबेरा असता तर सुटे ठिपके दिसले असते. पानाला रोग नाही, कापू नका.

आता मीठ. ते आजच बंद करा. हा नेचा खारं पाणी सोसतो, त्याला ते लागत नाही. गोड्या पाण्यात उत्तम वाढतो. खाडीत भरती-ओहोटी मीठ धुऊन नेते, पावसाळ्यात तर पाणी जवळजवळ गोडं होतं. तुमच्या ड्रममधून बाहेर पडते फक्त वाफ. हिशोब करा: 1200 टीडीएसच्या लिटरमागे 1.2 ग्रॅम क्षार, रोज चार लिटर, म्हणजे तीन महिन्यांत सुमारे 430 ग्रॅम. मूठ 50 ग्रॅमची धरली तर वरून 600. ड्रममध्ये पाणी 50 लिटर असेल, तर लिटरला 20 ग्रॅम झाले. समुद्रात 35 असतात. कडा करपणारच.

पाणवठा:
थोडं मीठ ठेवलं तर शेवाळ आणि डास कमी राहतात ना? चमचाभर चालावं.

खाजण:
डासांना चमचाभर मिठाने काही होत नाही. गप्पी मासे सोडा, पण आधी ड्रम धुऊन घ्या.

चिखलमाती:
कडांचं कारण मीठ, पण कोंब मऊ पडताहेत ते गड्डा बुडाल्यामुळे आणि शेणखतामुळे. हाताने तळचा चिखल ढवळा. सडक्या अंड्याचा वास आला तर खात्रीच. पाण्याखाली खत कुजताना प्राणवायू संपतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि मुळांची टोकं काळी पडतात. (कोंब काळे पण कोरडे, कुरकुरीत असते तर उन्हाळी वाऱ्यावर संशय घेतला असता.)

गड्डा काढा. स्वच्छ सुरीने मऊ भाग कडक, फिकट गर लागेपर्यंत कापा. नवं मिश्रण: तीन भाग लाल माती, एक भाग जाड रेती, पूर्ण कुजलेलं खत दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. बुडाला अर्धा इंची नळ बसवा. गड्ड्याचा माथा पाण्याच्या चार-पाच सेंटीमीटर वर राहील अशा बेताने ड्रमच्या बाजूला भोक पाडा, म्हणजे पावसातही पातळी चढणार नाही. जुनी माती ठेवायचीच असेल तर 100 ते 150 लिटर गोडं पाणी दोन दिवसांत वरून सोडून नळाने काढा. निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस 2000 च्या खाली आला की थांबा. पुढेही बोअर वापरणार असाल तर महिन्यातून एकदा हेच करावं लागेल. छपराचं पावसाचं पाणी साठवलंत तर कटकटच मिटली.

लावल्यावर महिनाभर 50 टक्क्यांची शेडनेट. मुळं ओली असली तर पुढे पूर्ण ऊन चालतं. दोन नवी पानं उलगडेपर्यंत खत नाही, मग 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्याने. तेही क्षारच आहे, हात आखडता ठेवा.

पाणवठा:
गड्डा वाचला नाही तर खाडीतून एखादं रोप आणता येईल का?

खाजण:
नको. महाराष्ट्रात कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय चिखलातून उपटलेला मोठा गड्डा क्वचित जगतो. त्या विटकरी पर्णिकेचा तुकडा कागदी पाकिटात दोन दिवस ठेवा, भुकटी आपोआप गळते. उकळतं पाणी ओतून निववलेल्या कोकोपीटवर ती पातळ भुरभुरा, पारदर्शक डबा झाकून सावलीत ठेवा. पाणी गोडंच, मिठात बीजाणू नीट रुजत नाहीत. काही आठवड्यांत हिरवी साय धरते. ती शेवाळ समजून खरवडू नका, खरी पानं त्यातूनच निघतात.