विषय: रविवार सकाळ, पॉइंट इझाबेल (वड्यांचं काय ते आजच ठरवा)

अनघा:

मंडळी, काल मंडळाचं न्यूजलेटर आलं आणि बघते तर पॉइंट इझाबेलला, म्हणजे कुत्री मोकळी सोडता येतात त्या पार्कात, आपल्या कुत्रेवाल्या ग्रुपच्या रविवारच्या नेहमीच्या फिरण्याची "फॅमिली पिकनिक" झालीये, खाली वडापाव, भेळ, चिवडा, आणि शीटवर ३८ माणसं आणि ९ कुत्री. माणसं येतायत याचा आनंदच आहे, पण आधी मला विचारायला हवं होतं, सहा वर्षं हा ग्रुप आम्ही चार जणी चालवतोय. मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांच्या मधोमध चटई टाकून वडापाव खाता येत नाही. बार्बेक्यूला एका सॉसेजवरून भालू आणि शेरूचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि ते दोघं तर लहानपणापासूनचे दोस्त. तिथे आपलीच ९ कुत्री नसतात, रविवारी अख्ख्या ईस्ट बेमधून (सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या गावांतून) लोक येतात.

तेव्हा खाणं पार्कात नको, आणि ज्यांचं कुत्रं हाक मारल्यावर परत येत नाही त्यांनी मला आज रात्रीपर्यंत कळवा. लाजू नका, त्यावरच सगळं ठरणार आहे.

सतीश:

अनघा, मंगळवारी फोन केला होता, व्हॉइसमेल बघ. जागा आणि जेवण हे पिकनिक कमिटीकडे असतं, पहिल्यापासून. पॉइंट इझाबेल घेतलं कारण प्रवेश फुकट, पार्किंग फुकट, समोर गोल्डन गेट, आणि बाहेरून आलेले आईवडील खूश होतात. ३८ लोकांना दुसरी जागा या आठवड्यात कुठून आणू? २०० वड्यांची ऑर्डर गेलेली आहे. आम्ही एका कोपऱ्यात बसू, कुत्री पलीकडे खेळतील, एवढं काय त्यात.

मेधा:

सतीश, कोपरा वगैरे तिथे काही नाही रे, ते सगळं उघडं आहे, पाणथळीच्या बाजूला कुंपण आहे कारण तिथे पक्षी असतात आणि कुत्र्यांना बंदी आहे, बाकी मोकळंच. आमच्या बर्फीचं सांगते. घरात नुसतं "बर्फी" म्हटलं की जिन्यावरून उड्या मारत येते, म्हणून मार्चमध्ये मी तिला तिथे सोडली. एक सीगल उडाला आणि ही त्याच्या मागे, मी घसा फुटेपर्यंत ओरडतेय, मागे वळून बघितलंही नाही तिने, थेट पार्किंगमध्ये, आणि पलीकडे कॉस्टकोचं मोठं दुकान, रविवारी तिथे गाड्यांची रांग माहितीये ना. एका बाईने गाडी थांबवून, दार उघडून, आत बोलावून धरली तिला. अजून रात्री झोपताना ते आठवतं मला. तर माझं बर्फीपुरतं उत्तर: नाही, येत नाही. मी तिला लीशवरच (पट्ट्याला बांधूनच) ठेवेन.

निखिल:

मेधाताई, तोच तर घोटाळा होतो. चारी बाजूंनी सुटी कुत्री आणि मध्ये एक बांधलेलं असलं की ते बांधलेलं घाबरतं, त्याला पळायला जागा नाही, मग ते आधीच दात दाखवतं, आणि लोक म्हणतात कुत्रं वाईट आहे. आमच्या शेरूची सगळी भांडणं लीशवर असतानाच झाली आहेत, सुटा असताना एकही नाही (सॉसेज सोडून). लांब दोरी तर त्याहून वाईट, पळणाऱ्या कुत्र्याच्या आणि माणसाच्या पायात अडकते.

ज्यांची परत येत नाहीत त्यांना आधी बर्कलेच्या ओलोनी डॉग पार्कला घेऊन चला. पूर्ण कुंपण आहे. १९७९ मध्ये सुरू झालेलं, असल्या पार्कांत अमेरिकेतलं पहिलं म्हणतात. तिथे दोन फाटकं असतात, बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, आणि लीश त्या दोन फाटकांच्या मध्ये काढायची, रस्त्यावर नाही आणि आत गेल्यावरही नाही. फाटकाशी पाच-सहा कुत्री जमली असतील तर ती पांगेपर्यंत बाहेर थांबायचं. आपलं कुत्रं आत शिरताना वीस नाकं अंगावर आली तर कोणाचंही डोकं फिरेल. आणि आत गेल्यावर फोन खिशात, लोक फोन बघत उभे राहतात आणि भांडण लागल्यावर वर बघतात.

वसंतकाका:

मेधा, तुझी बर्फी सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. मी साताऱ्याला सहावीत असताना मला कुत्रं चावलं होतं, १९६६ साल, तेव्हा पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक, मी १४ दिवस सिव्हिल हॉस्पिटलात चालत जायचो. आता ती लस गेली, दंडात देतात. पण अजून मोठं कुत्रं धावत आलं की माझे पाय जागच्या जागी थिजतात. आमच्या सुनेने शीटवर आम्हा दोघांची नावं घातली आहेत, आम्ही यावं का?

अनघा:

काका, जरूर या, पण ऐका. कुत्रं धावत आलं तर पळायचं नाही, हात वर करायचे नाहीत, त्याच्याकडे तोंड न करता, बाजू करून उभं राहून दुसरीकडे बघायचं, ते वास घेऊन जातं. आणि गुडघे ताठ ठेवू नका. खेळताना दोन मोठी कुत्री वेगात येतात तेव्हा त्यांचं माणसाकडे लक्षच नसतं, ती चावत नाहीत, आदळतात. माझ्या शेजारणीचा गुडघा असाच गेला. काकूंना बाजूच्या बाकावर बसवू. लहान मुलांचंही हेच, किंचाळत पळणारं पोर म्हणजे कुत्र्याला शिकारच वाटते. म्हणून म्हणते सहा वर्षांखालची नकोत, यात मी हटणार नाही.

किरण:

नमस्कार, आम्ही नवीन आहोत, मागच्या महिन्यात फ्रेमॉन्टला आलो. आमचं पिल्लू ११ आठवड्यांचं आहे, चिंगी. रविवारी आणू का? सगळ्यांना भेटेल, सवय होईल. नाहीतर गाडीत ठेवू तासभर, काच थोडी उघडी ठेवून?

प्रज्ञा:

किरण, दोन्ही नको गं. तिचे लसीचे डोस १६ आठवड्यांच्या आसपास पूर्ण होतील, तोवर जिथे अनोळखी कुत्री हगतात तिथे तिला जमिनीवर ठेवूच नकोस, पार्व्हो (पिल्लांना जीवघेणा आजार देणारा विषाणू) मातीत महिनोन् महिने राहतो. रेबीजचं इंजेक्शन तर इथल्या कायद्याप्रमाणे ३ महिन्यांनंतर. आणि गाडीत अजिबात नाही, जूनच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटांत आतली हवा तापते, काच उघडी ठेवून काही फायदा होत नाही.

दुसरं, चिवड्याबद्दल कोणी बोललंच नाही! मी आठ वर्षं व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) काम करतेय. चिवड्यात बेदाणे असतात. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी कुत्र्याच्या किडन्या जातात, किती खाल्ल्यावर ते प्रत्येकाचं वेगळं, म्हणून "दोनच खाल्ले" असं म्हणून घरी बसायचं नाही, लगेच फोन करायचा. वड्यात लसूण, भेळेत कांदा, तेही त्यांच्या रक्ताला वाईट. आपण खातो तसं मूठभर सांडतंच.

आणि घरी गेल्यावर पंजे बघा सगळ्यांनी. कुसळं. लहानपणी परकराला चिकटायची तसलीच, इथे फॉक्सटेल म्हणतात, मे-जूनपासून गवत वाळलं की सुटतात. त्यांना उलटे काटे असतात, आत गेलेलं कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात. कुत्रं एकदम वीस-पंचवीस वेळा शिंकायला लागलं किंवा मान एका बाजूला धरून डोकं झटकायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा. आमच्याकडे जुलैत रोज एक तरी येतं. पायवाट सोडून उंच वाळक्या गवतात सोडूच नका.

सतीश:

बेदाण्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. आमचा टॉमी दर दिवाळीला चिवडा खातो, आता हात कापतायत टाइप करताना. आजपासून बंद.

आणखी एक, आमच्या कमिटीत इन्शुरन्सवाले आहेत त्यांनी आज सांगितलं की कॅलिफोर्नियात दिवाणी संहितेचं कलम ३३४२ आहे, कुत्रं माणसाला चावलं तर मालक जबाबदार, आधी कधी चावलं नव्हतं हे कारण चालत नाही. म्हणजे मंडळाच्या नावाने बोलावून तिथे काही झालं तर आपल्याच माणसाने आपल्याच माणसावर दावा करायचा. तर जेवण माझ्याकडे, बॅकयार्डमध्ये, साडेअकराला, कुत्री घरी सोडून या. पण अनघा, पुढच्या वेळी जागेचं आधी आमच्याशी बोला, तुम्हीही न विचारता जाता.

अनघा:

मान्य. बोलू. वडे मी वाढते.

रविवार सकाळी ९. हाकेला परत न येणारी चार, म्हणजे बर्फी, पेढा आणि निखिलने सांगितलेली दोन: ओलोनीला, निखिल नेईल. बाकी पाच जण इझाबेलला माझ्याबरोबर, पार्किंग संपेपर्यंत लीश लावलेली, आणि सोडल्यावरही प्रत्येकाच्या हातात लीश हवी. एका माणसामागे तीनपेक्षा जास्त नाहीत, पार्क डिस्ट्रिक्टचा नियम आहे. पिशव्या स्वतःच्या आणा आणि दुसऱ्याने सोडलेली दिसली तरी उचला. टोचणारे कॉलर आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचे पट्टे) काढून ठेवा, खेळताना दुसऱ्याचा दात त्यात अडकतो आणि मग दोघंही घाबरून एकमेकांना फाडतात. भांडण लागलंच तर मध्ये हात घालायचा नाही, पाणी ओता, मोठा आवाज करा. माझ्याकडे बाटल्या असतील.

मेधाताई, तू ओलोनीला बर्फीला दर पाच मिनिटांनी हाक मार, आली की चिकनचा तुकडा दे आणि परत सोड. फक्त निघताना हाक मारलीस तर तिला हाक म्हणजे घरी जाणं असंच वाटणार. तुकडा मात्र सगळ्यांपासून लांब जाऊन दे.

मेधा:

चिकन आमच्या घरात येत नाही गं. चीज चालेल का?

निखिल:

चालेल, नखाएवढं. खरं म्हणजे काकडीसुद्धा घेतात काही जण, शेरू नाही घेत.

वसंतकाका:

किरण, पिल्लाला गाडीत ठेवू नका. आमच्याकडे आजवर कुत्रं कधी आलेलं नाही, म्हणजे प्रज्ञा म्हणते तो रोग आमच्या अंगणात नसावा. आम्ही दोघं ९ ते ११ घरीच थांबतो, तिला आमच्याकडे ठेवा. किती वेळाने पाणी द्यायचं तेवढं लिहून द्या.