घरच्या मांजर-कुत्र्यांचे फोटो: तुमचे अनुभव सांगा

दिवाळीत हौसेनं जुना कॅमेरा घेतला, सोबत ५० मिमीची एफ/१.८ लेन्स. मॉडेल घरातच होतं, आमचा बोका गुंड्या. तीन आठवड्यांत चारशे फोटो काढले, त्यातले दाखवण्यासारखे सहा. बाकीच्यांत शेपूट, नाहीतर तो उठून गेल्यावर उरलेली उशी. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि स्पष्ट दिसणारा भाग कमी; म्हणून मागचं धूसर यावं यासाठी एफ/१.८ सोडायला तयार नव्हतो. जवळून काढलं की नाक लख्ख आणि डोळे धुक्यात. आता एफ/४ आणि फोकस जवळच्या डोळ्यावर. तुम्ही कसं जमवता? फसलेलंही लिहा, तेच जास्त कामाचं.

*

आमची राणी काळीकुळकुळीत गावठी कुत्री. सुरुवातीच्या सगळ्या फोटोंत ती राखाडी आणि मागची भिंत पांढरीफटक. कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात घेऊन गेले, तिथे हसू झालं. भानगड अशी की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. चौकटभर काळं दिसलं की अंधार आहे समजून उजेड वाढवतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) उणे एक केलं, राणी काळी झाली. पण डोळेही त्या काळ्यात बुडाले! मग तिला गॅलरीच्या दाराकडे तोंड करून बसवलं. बुबुळात दाराचा उजळ चौकोन उमटला आणि चेहऱ्यात जीव आला. थेट ऊन येतं तेव्हा दाराला आईची जुनी पांढरी साडी लावते. (साडी जुनी नव्हती, असं आईचं म्हणणं.)

*

पांढऱ्या मांजरीचं उलट. अधिक एक करा, नाहीतर मळकी दिसते.

*

क्लिकच्या आवाजाला आमची मनी दचकते म्हणून सायलेंट शटर (आवाज न करता, चित्र ओळीओळीनं टिपणारं) लावलं, तर एलईडीच्या उजेडात फोटोभर आडवे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० सेकंदावर, म्हणजे एका लुकलुकीएवढं, आणल्यावर पट्टे गेले. पण तेवढ्या वेगाला मनीनं मान वळवली की तिचं भूत होतं. म्हणून रात्री फक्त झोपलेली मनी. जागी असताना सकाळी खिडकीत, १/५०० ला.

*

फ्लॅशच्या वाटेला जाऊ नका. डोळ्यांचे हिरवे दिवे झालेच, वर आमचा मोती तासभर दिवाणाखाली. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज करून बघा, कान टवकारतो. दोनदाच हं, तिसऱ्यांदा बिस्कीट द्यावंच लागतं. आणि उभ्यानं काढू नका, डोकं मोठं आणि पाय काड्यांसारखे येतात. सरळ जमिनीवर पालथे पडा.

*

आज खिडकीपाशी सतरंजी टाकून पालथा पडलो. एफ/४, १/५००, सगळं तयार. गुंड्या आला, कॅमेरा हुंगला आणि माझ्या पाठीवर चढून बसला. फोटो बायकोनं मोबाइलवर काढला. दाखवण्यासारखा सातवा.