शब्दचर्चा : ध्वनीच्या 'स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर'ला वर्णपट विश्लेषक म्हणावं का?

तानपुरा आणि तबल्याच्या ध्वनीवर आमचं काम चालतं. यंदा नवीन 'स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर' घ्यायचा आहे, म्हणजे एखाद्या ध्वनीत कोणते बारीक-जाड स्वर किती जोराने मिसळलेत ते सुटं करून दाखवणारं उपकरण, आणि मागणीपत्र मराठीतून द्यायचं आहे. मी लिहिलं, 'ध्वनी संशोधनासाठी वर्णपट विश्लेषक, नग १'. कागद लेखा विभागात गेला, तेव्हा तिथल्या ताईंनी फोन करून विचारलं, "मॅडम, हे रंग तपासायचं यंत्र आहे का?" त्यांचा प्रश्न रास्त होता आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारते आहे.

'वर्णपट' हा शब्द प्रकाशाच्या अभ्यासातून आला. लोलकातून गेलेला प्रकाश भिंतीवर पसरतो, तो रंगांचा पट. न्यूटनने १६७२ साली छापलेल्या लेखात यासाठी 'स्पेक्ट्रम' हा लॅटिन शब्द वापरला. त्या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'जे दिसतं ते', 'आकृती', असा आहे. त्यात रंग नाही. रंग मराठीने घातला, कारण तेव्हा समोर प्रकाशच होता. पुढे रेडिओ आला, ध्वनी आला, इंग्रजी शब्द मोकळा असल्यामुळे तिकडेही चालला. आपल्या शब्दाला मात्र रंग चिकटून राहिला.

पण इंग्रजी शब्दाचा मोकळेपणाही आम्हाला एकदा महागात पडला आहे. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने लॅमिंग्टन रोडवर जाऊन 'स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर' मागितला आणि दुकानदाराने तो दिला. उपकरण उत्तम, पडदा सुरेख. प्रयोगशाळेत आणल्यावर कळलं की त्याचा पल्ला ९ किलोहर्ट्झपासून पुढे सुरू होतो, कारण ते रेडिओ लहरींसाठी बनवलेलं होतं. काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा साधारण १३८.६ हर्ट्झचा. तानपुऱ्याचं जवळजवळ सगळं आयुष्य त्या उपकरणाच्या उंबरठ्याच्या अलीकडेच संपतं. शिवाय त्याचा 'इनपुट' ५० ओहमचा, रेडिओच्या उपकरणांना जुळणारा, मायक्रोफोनला नाही. दुकानदाराची यात काहीच चूक नव्हती, त्याने मागितलेलीच वस्तू दिली. कमी पडला तो शब्द.

तर ध्वनीच्या या उपकरणाला काय म्हणावं? कारणासकट सांगा.

प्रतिसाद
मी मुलुंडला राहतो, तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. माझं मत, 'वर्णपट' बदलू नये. 'तेल' म्हणजे मुळात तिळाचं. आज आपण शेंगदाण्याचं तेल, खोबरेल तेल म्हणतो, कोणी अडखळत नाही. शब्द वापरात रुंदावतो. वर्णपटालाही रुंदावू द्या.

आणखी एक कारण आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० चं नोबेल मिळालं ते प्रकाशाच्या वर्णपटातल्या नव्या रेषांसाठी. त्याच रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्याबरोबर 'नेचर'मध्ये लिहिलं की मृदंग-तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचा भार असल्यामुळे तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत येतात. साध्या ताणलेल्या पडद्याचे तसे येत नाहीत, म्हणून तो नुसता धबधबतो, सुरात बोलत नाही. तानपुऱ्यावरही त्यांनी काम केलं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा निःस्पंद बिंदू (न हलणारी जागा) असतो तो उपस्वर ऐकूच येऊ नये, असा जुना नियम. घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, वक्र पृष्ठभागामुळे तानपुऱ्यात तोही ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. प्रकाश आणि नाद एकाच माणसाने एकाच नजरेने पाहिले, मग आपण दोन शब्द कशाला करायचे?

जाता जाता : सेकंदाला किती कंपनं होतात त्याला शाळेच्या पुस्तकात 'वारंवारता' म्हटलं आहे, विश्वकोशात 'कंप्रता'. ध्वनीबद्दल बोलताना मला दुसरा शब्द जास्त आवडतो, त्यात कंपन दिसतं.

प्रतिसाद
सरांचा मान राखून असहमत. मी गिरगावात तबला शिकवतो. आमच्याकडे 'वर्ण' म्हणजे धा, ना, तीं, तिरकिट. 'तबल्याचा वर्णपट' असं कोणी लिहिलं तर माझे विद्यार्थी बोलांचा तक्ता समजतील. गाणारे म्हणतील वर्ण चार, स्थायी, आरोही, अवरोही आणि संचारी. व्याकरणवाल्यांची वर्णमाला वेगळीच. म्हणजे ध्वनीच्या बाबतीत वर्ण हा शब्द रिकामा नाही, त्याच्या घरात आधीच तीन बिऱ्हाडं आहेत. तेलाचं तसं नव्हतं.

संगीताच्या पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगतात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जात. बासरी कोणती आणि सारंगी कोणती हे न बघता ओळखतो ते जातीवरून. तुमचं यंत्र मुख्यतः ही जातच उलगडून दाखवतं ना? मग 'नादपट' म्हणा.

प्रतिसाद
'ऑडिओ अ‍ॅनालायझर' म्हणा, दुकानात लगेच कळेल.

प्रतिसाद
नाही, तसं लिहू नका. मी विक्रोळीत मोजमापाच्या उपकरणांची दुरुस्ती आणि अंशांकन (प्रमाणाशी ताडून आकडे जुळवणं) करते. ऑडिओ अ‍ॅनालायझर ही वेगळी वस्तू आहे. त्यात शुद्ध स्वर निर्माण करणारा भाग असतो, तो अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा आणि बाहेर येताना किती विकृती, किती खरखर मिसळली ते मोजायचं. तबल्याला काय स्वर देणार?

तुम्ही सगळे पहिल्या शब्दावर बोलताय. माझ्या मते घोळ दुसऱ्या शब्दात जास्त आहे. दर्शक, मापक, विश्लेषक हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी टाकतो, आणि बाजारात त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत.

दर्शक म्हणजे उड्या मारणाऱ्या पट्ट्या. सभागृहात ध्वनिव्यवस्था लावणारे वापरतात तो, आता मोबाइलवरही मिळतो. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचे ३१ भाग, प्रत्येक भाग सप्तकाच्या एक तृतीयांश रुंद. हॉल घुमतोय का हे कळायला पुरेसा. पण काळी एकच्या सा वर हिशेब करून बघा. १४१ ते १७८ हर्ट्झ ही एक पट्टी. तिच्यात कोमल रे १४७.८, शुद्ध रे १५५.९, कोमल ग १६६.३ आणि शुद्ध ग १७३.३, चारही स्वर बसतात. भैरव गा की भूप, त्या पट्टीला फरक कळत नाही.

मापक म्हणजे ज्याच्या आकड्यावर सही करता येते. मायक्रोफोनवर अंशांकक बसवायचा, तो १ किलोहर्ट्झला ९४ डेसिबेल, म्हणजे १ पास्कल दाब देतो. त्यावर जुळवून घेतलं की मग तुमचा डेसिबेल खरा. गणपतीत आवाज मर्यादेत आहे का, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, हे मापकाचं काम.

विश्लेषक दोन जातींचे. जुने एकच चाळणी खालून वर सरकवत नेतात. स्वर तेवढा वेळ स्थिर राहिला तरच चित्र खरं. तुमच्या 'ना'चा टोला चाळणी निम्म्यात पोचेपर्यंत विरून गेलेला असतो. नवे विश्लेषक ध्वनीचा एक तुकडा उचलतात आणि त्यातल्या सगळ्या कंप्रता एकदम सोडवतात. मुळाशी फूरिये यांचं गणित, १८२२ च्या ग्रंथातलं, आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेली ते झपाट्याने करण्याची रीत. तुम्हाला हेच हवंय.

पण हे घेतलं म्हणून सुटलात असं नाही. ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि ४,०९६ नमुन्यांचा तुकडा केला, तर चित्रातल्या दोन रेषांतलं अंतर ११.७ हर्ट्झ. सा आणि कोमल रे यांच्यात ९ हर्ट्झच आहेत, ते एकमेकांत मिसळणार. ६५,५३६ चा तुकडा घ्या, अंतर ०.७३ हर्ट्झवर येतं. आता कोमल रेच्या दोन श्रुती (त्याच स्वराच्या किंचित वेगळ्या जागा), १४६.० आणि १४७.८, एकत्र वाजल्या तरी कशाबशा सुट्या दिसतील. मात्र त्या तुकड्याला जवळजवळ १.४ सेकंद लागतात. तानपुरा तेवढा थांबतो, तबला थांबत नाही. बारीक कंप्रता हवी तर वेळ द्यावा लागतो, बारीक वेळ हवा तर कंप्रता सोडावी लागते. कितीही महागडं यंत्र घेतलंत तरी हे गणित बदलत नाही. म्हणून तुकड्याची लांबी हवी तशी बदलता येते का, हे आधी विचारा.

स्वरांच्या प्रमाणांचाच अभ्यास असेल तर खरं सांगते, चांगला मायक्रोफोन, बरा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉपवर 'प्राट' किंवा 'ऑडॅसिटी' एवढ्यावर भागतं. वेगळं यंत्र कशासाठी हवंय?

मूळ प्रश्नकर्ती
घोडीचं कंपन आणि हवेतला ध्वनी एकाच क्षणी मोजून ताडून बघायचे आहेत. जवारी लावताना, म्हणजे नाद खुलावा म्हणून तार आणि घोडी यांच्यामध्ये सूत बसवताना, त्या सुताची जागा केसभर सरकवली की घोडीतून काय वेगळं बाहेर पडतं, हा आमचा विषय आहे. त्यामुळे एकाच वेळी नमुने घेणारे दोन मार्ग (चॅनेल) लागतात, दोन्ही अंशांकित.

आता शब्दाचं. तेलाचं उदाहरण फार पटलं होतं, पण तीन बिऱ्हाडांच्या मुद्द्यापुढे मी 'वर्णपट' सोडते आहे. 'नादपट' कानाला गोड आहे आणि तबला-तानपुऱ्यावरच्या लेखात मी तोच वापरेन. मागणीपत्रात मात्र नको, कारण नाद म्हणजे संगीतोपयोगी ध्वनी आणि आमच्या यंत्राला पंख्याची घरघर आणि खिडकीबाहेरची लोकलही मोजावी लागते. ती ओळखल्याशिवाय वजा करता येत नाही. राहिला 'ध्वनिपट'. चित्रपट, बोलपट यांच्या शेजारी तो सिनेमातला वाटण्याचा धोका आहे, पण पुढे 'विश्लेषक' आला की तो टळतो असं मला वाटतं.

आणि पल्ला नावाला जोडूनच लिहायचा, खाली तपशिलात नाही. दुकानदार पहिली ओळच वाचतो. सकाळी ताईंना वाचून दाखवलं, त्यांनी मान्य केलं : 'दुहेरी मार्गाचा ध्वनिपट विश्लेषक, ५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ, तुकड्याची लांबी बदलता येणारा, मायक्रोफोनचा वीजपुरवठा आतच असलेला, अंशांककासह, नग १. रेडिओ लहरींचा नको.'

एक अडलंय. तुकड्याच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर उतरवतात, नाहीतर एका स्वराची रेषा शेजारच्या घरांत सांडते. त्या क्रियेला इंग्रजीत 'विंडो' म्हणतात. 'खिडकी' लिहिलं तर परत फोन येईल. कडा उतरवण्याला सुतारकामात किंवा शिवणकामात चालता शब्द आहे का?